हातछपाईला नवी नक्षी कोण देणार?

रमझान ईदच्या खरेदीचे दिवस होते. दादरच्या हिंदमाता बाजारात एका ओळखीच्या दुकानदाराकडे मी बसलो होतो. एक बाई मुलीच्या ड्रेससाठी कापड पाहत होत्या. निळ्या-लाल नक्षीचा तागा त्यांनी हातात घेतला आणि विचारले, "हे हाताने छापलेले आहे ना?" दुकानदार म्हणाला, "होय ताई, असली अजरख आहे, कच्छचा माल." बाई पैसे चुकते करून गेल्यावर मी तो तागा उलगडून पाहिला. पॉलिएस्टर मिसळलेले कापड, मागची बाजू पांढरट आणि प्रत्येक फूल शेजारच्या फुलाची तंतोतंत नक्कल. कुठेही ठसा केसभर सरकल्याची खूण नाही. मशीनची छपाई होती.

मी त्या दुकानदाराला काही बोललो नाही, कारण बोलण्याचा हक्क मी फार पूर्वी गमावला आहे. वीस-बावीस वर्षांपूर्वी कच्छचा एक तरुण छपाईवाला माझ्या गादीवर नमुने घेऊन आला होता. माल उत्तम होता, भाव मला जास्त वाटला. "दोन मीटर ठेवून जा, विचार करून कळवतो," असे मी त्याला सांगितले. तो तुकडा मी स्क्रीन छपाईच्या कारखान्यात पाठवला आणि दोन हंगामात चार हजार मीटर विकले. पुढच्या वर्षी तो पुन्हा आला. माझ्या फळीवर त्याची नक्षी होती. त्याने अंगठा आणि बोटांमध्ये कापड धरून पाहिले, चहा घेतला, सलाम केला आणि गेला. त्यानंतर तो कधी आला नाही.

धान्याच्या ढिगात हात घालून आतला ओलावा उघडा करणाऱ्या नबी करीम (सल्ल.) यांची हदीस आपल्यापैकी प्रत्येक व्यापाऱ्याला पाठ असते. नकली अजरख असली म्हणून विकणे त्यातच मोडते, याबद्दल दुमत नसावे. परंतु आज मला त्याच्या पुढचा मुद्दा मांडायचा आहे. समजा, उद्यापासून आपण सर्वांनी खरे बोलायचे ठरवले, मशीनच्या मालाला मशीनचा माल म्हटले, तरी हातछपाईवाल्याचे पोट त्याने भरेल काय? माझ्या मते भरणार नाही. त्याच्याकडे हात आहे, रंगाचे इल्म आहे, सबुरी आहे. त्याच्याकडे नवी नक्षी नाही, आणि जुनी नक्षी आता कोणाचीही झाली आहे.

हे असे का झाले ते पाहू. अजरख हे कच्छ आणि सिंधमधील गुरे राखणाऱ्या मालधारी लोकांचे वस्त्र. खांद्यावर, डोक्याला, कमरेला तेच कापड. खत्री छपाईवाल्याला गिऱ्हाईक नावाने ठाऊक असे. कोणत्या जमातीला कोणती किनार लागते, लग्नाला कोणता रंग चालतो, हे त्याला विचारावे लागत नसे. म्हणजे एका अर्थाने नक्षी गिऱ्हाईकच ठरवीत होते. पुढे मालधाऱ्याने स्वस्त सिंथेटिक कापड घेतले आणि छपाईवाल्याचे गिऱ्हाईक मुंबई, दिल्ली, लंडन असे लांब गेले. त्याला ते दिसत नाही. व्यापारी म्हणतो, "काहीतरी नवीन दाखव." मग तो मोबाइल उघडतो आणि दुसऱ्याचे चित्र पाहून ठसा कोरून घेतो. त्याच चित्रावरून डिजिटल छपाईवाला आठवड्यात माल उतरवतो. या शर्यतीत हात हरणारच.

हिशेबही पाहा. साडेपाच मीटरची साडी, पंचेचाळीस इंच पन्हा. सहा इंचांचा ठसा घेतला तर एका रंगासाठी साधारण पावणेतीनशे वेळा हात उचलून ठोकावा लागतो. रेख, गद आणि दत्ता असे तीन ठसे धरले तर आठशेहून अधिक वेळा. अजरखमध्ये त्याशिवाय हरड्याचे पाणी, चुना-डिंकाचा लेप, लोखंड-गुळाचा काळा रंग, तुरटी, नीळ, धुलाई असे डझनाहून अधिक टप्पे असतात. एवढी मेहनत जर मशीन सहज काढील अशाच नक्षीवर खर्च झाली, तर ती मेहनत व्यापाऱ्याच्या दृष्टीने वाया गेली. हाताला अशी नक्षी हवी की जी हातानेच शोभेल.

ती कुठून आणावी, याचे एक उत्तर आपल्या शहरात गिरगावातच आहे आणि आपल्यापैकी फार थोडे लोक तिकडे फिरकले आहेत. ऑपेरा हाऊसजवळ मामा परमानंद मार्गावर विणकर सेवा केंद्र आहे. १९५०च्या दशकात अखिल भारतीय हातमाग मंडळाने, पुपुल जयकर यांच्या पुढाकाराने, अशी केंद्रे काढली. त्यामागची कल्पना साधी होती: चित्रकाराला पगार देऊन विणकर, रंगारी आणि छपाई कारागीर यांच्या शेजारी बसवायचे. के. जी. सुब्रमण्यन यांच्यासारखे चित्रकार १९५९ ते १९६१ या काळात मुंबईच्या केंद्रात नक्षी विभागाचे उपसंचालक होते. आपल्या रायगडमधील नागावचे प्रभाकर बरवे १९६१ साली या नोकरीत आले, आधी वाराणसीला होते, नंतर बरीच वर्षे मुंबईत. 'कोरा कॅनव्हास' हे पुस्तक लिहिणारे तेच बरवे. २०१९ साली मुंबईच्या राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालयात त्यांचे मोठे प्रदर्शन भरले होते. ज्यांची चित्रे आज लिलावात लाखो रुपयांना जातात त्यांनी हयातीतील उमेदीची वर्षे कापडाच्या नक्षीवर घालवली, ही गोष्ट मूळजी जेठा मार्केटमधल्या किती गाद्यांवर ठाऊक असेल, कोण जाणे.

या केंद्राचे महत्त्व माझ्या लेखी एका खर्चात आहे. चित्रकार एक नक्षी ठरवण्याआधी वीस-तीस कागद फाडतो. त्या फाडलेल्या कागदांचे पैसे व्यापारी देत नाही आणि कारागिराला ते परवडत नाहीत. गुजरातमध्ये गांधीनगरजवळ पेथापूरचे कारागीर सागवानात ठसा कोरतात. बारीक काम असेल तर एका ठशाला दिवसेंदिवस लागतात. कोरल्यावर नक्षी चालली नाही तर तो ठसा चुलीत घालायचा काय? म्हणून छपाईवाला धोका पत्करत नाही, जुनेच छापतो. केंद्रात हा फाडलेल्या कागदांचा खर्च सरकार उचलत होते. हातमाग मंडळ २०२० साली सरकारने बरखास्त केले, केंद्रे राहिली. परंतु हातमागाचे प्रश्न मोठे आहेत, छपाईवाल्याने केवळ सरकारवर विसंबून राहू नये. हा खर्च आता आपण व्यापाऱ्यांनी उचलावा, असे माझे मत आहे.

हे मी ऐकीव सांगत नाही. लालबागला एका जुन्या इमारतीच्या गाळ्यात एका चित्रकाराचा स्टुडिओ आहे. शेजारी गणपतीच्या मूर्तींचा कारखाना, त्यामुळे जिन्यावर कायम प्लास्टरची पांढरी धूळ. हे गृहस्थ माझ्याकडून मांजरपाट नेतात, त्यावर अस्तर देऊन चित्रे काढतात. ओळख इतकीच. एकदा माल पोचवायला माणूस नव्हता म्हणून मी स्वतः गेलो, आणि सोबत आमचे छपाईचे चाचा होते. चाचांची परळला दोन टेबलांची छपाई होती, आता एकच टेबल उरले आहे.

आत भिंतीवर एक मोठे फडके खिळ्यांनी ताणून लावले होते. त्यावर निळ्या, विटकरी, काळ्या रंगाचे डाग, एकावर एक चढलेली अर्धी फुले, मध्येच कोरी जागा. चाचा त्याच्यासमोर उभे राहिले आणि म्हणाले, "अरे, ये तो मेरे टेबल का है!" खरोखर तसेच होते. छपाईच्या टेबलावर कापडाखाली एक जुने फडके पसरलेले असते, वरून झिरपलेला रंग ते पिते. वर्षानुवर्षे त्यावर रंग साठतो. चाचा असली फडकी पुसायला वापरतात. चित्रकाराने त्यांच्या गाळ्यातून ते कधीतरी मागून नेले होते आणि चाचा विसरून गेले होते.

त्यानंतरचा अर्धा तास मी फक्त ऐकत होतो. चाचा बोटाने दाखवीत होते: हा डाग अमुक ऑर्डरचा, ही किनार तमुक लग्नाच्या ओढण्यांची, इथे रंग पातळ झाला होता. चित्रकाराला यातले काही माहीत नव्हते. त्याला दिसत होते ते वेगळेच. त्याने विचारले, "चाचा, इथे दोन ठसे एकमेकांवर अर्धे चढलेत, ते मुद्दाम का नाही छापत?" चाचांना ते अपमानासारखे वाटले. ठशाचा जोड चुकू नये यासाठी त्यांनी लहानपणी वडिलांच्या हातचा मार खाल्ला होता, आणि हा माणूस चुकलेला जोड मुद्दाम मागत होता!

पुढे दोघांचे जमायला दोन-तीन महिने लागले. चित्रकार रबराच्या जाड पत्र्यावर आणि लिनोलियमवर एका संध्याकाळी ठसा कापून देई. स्वस्तातले काम, फेकून दिले तरी हरकत नाही. चाचा तो मांजरपाटावर ठोकून पाहत आणि सांगत: ही रेघ रंग धरणार नाही, इथे हवा जायला जागा ठेवा, हा कोपरा चौथ्यांदा ठोकल्यावर तुटेल. चित्रकाराला कापडाचा स्वभाव कळत गेला. चाचांना कोरी जागा कळत गेली. आपली छपाई कापड भरून टाकते, जागा मोकळी राहिली की गिऱ्हाईक कमी मेहनत समजेल अशी धास्ती असते. अखेर जी नक्षी ठरली तिच्यात तीन ठसे आहेत. पहिला नेमका जोडून, दुसरा अर्धा सरकवून, तिसरा छापणाऱ्याच्या मर्जीने, पण कापडाच्या तिसऱ्या हिश्शापुरताच. प्रत्येक ओढणी वेगळी उतरते. मशीनला हे जमणार नाही असे नाही, परंतु मशीनला ते महागात पडते.

आता व्यापाराचे बोला, असे वाचक म्हणतील. पहिल्या खेपेला चाळीस ओढण्या केल्या. ईदला अकरा विकल्या गेल्या. बाकीच्या फळीवर पडून राहिल्या आणि धाकट्या भावाने मला सुनावले. चूक आमची होती, रंग फार मंद ठेवले होते आणि कापड जाड होते. दुसऱ्या खेपेला मलमल घेतली, लाल उजळ केला. साठ ओढण्या तीन महिन्यांत संपल्या, त्यातील काही अशा बायांनी नेल्या ज्या पूर्वी माझ्या दुकानात कधी चढल्या नव्हत्या. मी मालामाल झालो नाही. पहिल्या खेपेचा तोटा भरून निघाला आणि वर थोडे राहिले. मात्र दोन वर्षांत ही नक्षी दुसऱ्या कोणाच्या फळीवर मला दिसलेली नाही. माझ्या धंद्यातील एवढ्या वर्षांत असे प्रथमच घडले.

काही बंधू विचारतील, स्टुडिओत मूर्ती असतात, माणसांची चित्रे असतात, आपल्या मुलांना तिथे कशाला न्यायचे? प्रश्न रास्त आहे आणि मी तो टाळत नाही. आपल्या छपाईत जिवंत प्राण्याची आकृती नसते. वर्तुळ, तारा, वेल, पान यांतूनच अजरख उभी राहिली. अजरख हा शब्द अरबीतील निळ्यासाठी असलेल्या 'अझरक'वरून आला असे सांगतात. मध्ययुगात गुजरातेत ठशांनी छापलेले सुती कापड इजिप्तपर्यंत जात होते, त्याचे तुकडे जुन्या कैरोत फुस्तात येथे सापडले आहेत. म्हणजे आपल्या मर्यादेत राहून जगभर माल विकता येतो हे आपल्याच पूर्वजांनी दाखवले आहे. स्टुडिओतून घोडा किंवा चेहरा उचलून आणायचा नाही. हुसेनसाहेबांचा घोडा ओढणीवर छापला म्हणजे प्रेरणा घेतली, असे मी मुळीच मानत नाही. तीही नक्कलच. तिथून आणायची ती पाहण्याची आणि पुन्हा पुन्हा करून टाकून देण्याची सवय.

ही सवय आपल्याला परकी नाही. माझे शिक्षण उर्दू शाळेत झाले. मौलवीसाहेब तख्तीवर बरूच्या कलमाने 'बे' लिहायला लावीत, धुऊन टाकीत, पुन्हा लिहायला लावीत. नुक्त्याच्या मापाने अक्षराची लांबी मोजली जाई. कागदावर उतरणाऱ्या एका ओळीमागे अशा शेकडो धुतलेल्या तख्त्या असत. पुढे उर्दू वर्तमानपत्रांत संगणक आला आणि कातिब घरी बसले. ज्यांनी लग्नपत्रिका, मशिदींच्या कमानी, फ्रेमच्या तुगऱ्यांचे काम नव्या ढंगाने केले ते टिकले. बाकीच्यांची कलम सुकली. छपाईच्या गाळ्यांकडे पाहिले की मला तेच दिवस आठवतात.

कच्छच्या खत्री बिरादरीने काय केले, तेही पाहण्यासारखे आहे. धमडका गावचे मोहम्मद सिद्दीक खत्री यांनी रासायनिक रंगांची चलती असताना १९७०च्या दशकात मुलांना घेऊन नैसर्गिक रंगांचे जुने काम पुन्हा उभे केले. २००१च्या भूकंपात धमडका उद्ध्वस्त झाले, पाण्याचीही अडचण झाली. तेव्हा बिरादरीने भुजजवळ अजरखपूर नावाचे नवे गाव वसवले. सिद्दीकभाईंचे पुत्र इस्माईल खत्री यांना २००३ साली इंग्लंडमधील लेस्टरच्या डी मॉन्टफोर्ट विद्यापीठाने मानद डॉक्टरेट दिली. हे लोक स्वतःच्या चौकटीत बसून राहिले नाहीत. देशोदेशीचे नक्षीकार आणि विद्यार्थी यांच्यासाठी त्यांनी गाळ्याचे दार उघडे ठेवले. कच्छमध्ये २००५ पासून कारागिरांनाच नक्षीशास्त्र शिकवणारी शाळा सुरू झाली, पुढे २०१४ पासून सोमैया कला विद्या या नावाने तेच काम चालते. कित्येक तरुण अजरखवाले तिथे शिकले. आपल्या मुंबईत जे. जे. स्कूल १८५७ पासून आहे. त्याच्या आवारापासून मंगलदास मार्केट पायी किती मिनिटांवर आहे, हे मोजायला घड्याळ लागत नाही.

कायद्याची बाजू प्रत्येकाने समजून घ्यावी. 'कच्छ अजरख'ला २०२४ साली भौगोलिक निर्देशांक मिळाला. त्याने नावाला संरक्षण मिळते. शतकानुशतके चालत आलेली नक्षी कोणा एकाच्या मालकीची होत नाही. नवी नक्षी मात्र २०००च्या डिझाइन कायद्याखाली नोंदवता येते. दहा वर्षे संरक्षण मिळते, ते आणखी पाच वर्षे वाढवता येते. अट ही की बाजारात दाखवण्याआधी नोंद करायची. नोंदच केली नाही आणि ती नक्षी औद्योगिक पद्धतीने पन्नासहून अधिक नगांवर उतरली, तर कॉपीराइटही हातून जातो. आमच्या साठ ओढण्या निघाल्या तेव्हा मला हे ठाऊक नव्हते. त्या नक्षीची नोंद राहून गेली. उद्या कोणी ती उचलली तर मी कोणत्या तोंडाने तक्रार करणार, हा प्रश्न वेगळाच!

पैशाचा सवालही उघडपणे मांडतो. चित्रकाराला मी प्रयोगांच्या महिन्यांसाठी ठरावीक रक्कम दिली आणि विकलेल्या प्रत्येक नगामागे हिस्सा. तेवढाच हिस्सा चाचांना, मजुरीशिवाय वर. भाऊ म्हणाला, चित्रकाराला द्या, तो नाव असलेला माणूस आहे, पण चाचांना मजुरी दिल्यावर हिस्सा कसला? मी त्याला एवढेच विचारले की तिसरा ठसा कुठे पडावा हे कोण ठरवते. त्यावर त्याच्याकडे उत्तर नव्हते, तरी तो राजी झालेला नाही. अशी व्यवस्था लेखी असावी, साध्या मराठीत किंवा उर्दूत, दोघांच्या सहीने. तोंडी करारावर आपल्या बाजारात जितकी भांडणे झाली तितकी भावावरून झाली नसतील.

दहा-बारा व्यापारी एकत्र आले, प्रत्येकाने वर्षाला एका चित्रकाराच्या आणि एका छपाईवाल्याच्या टाकून द्यायच्या कामाचा खर्च उचलला, तर पाच वर्षांत मुंबईच्या बाजारात पन्नासेक नक्ष्या अशा येतील ज्या दुसरीकडे नाहीत. त्यातल्या पस्तीस पडतील हे गृहीत धरावे. मी दोन व्यापारी मित्रांशी बोललो. एकाने होकार दिला. दुसरा म्हणाला, "आधी तुझी पुढची खेप पाहतो." त्याचेही चूक नाही.

चाचांचा नातू पार्सल पोचवण्याचे काम करतो. छपाईत तो यायला तयार नव्हता, आजही पूर्ण तयार नाही. परंतु दर रविवारी जोहरनंतर तो आजोबांसोबत लालबागला जातो आणि रबर कापत बसतो. सुरुवातीचे सगळे ठसे चित्रकाराने बाजूला टाकले. मागच्या महिन्यात एक ठेवला. खजुराच्या झावळीसारखी तिरपी रेघ आहे, एका बाजूने तुटलेली. तो आम्ही पेथापूरला सागवानात कोरायला पाठवला आहे. चाचांचे म्हणणे असे की रेघ अजून जाड आहे.